उरलेल्या लोकरीची टोपी: टाके घालण्याआधीची तयारी आणि नंतरचा क्रम

उरलेल्या लोकरीची टोपी बिघडते ती बहुतेक वेळा सुया हातात घेण्याआधीच. पिशवीतून आवडता रंग काढला, अंदाजाने शंभरेक टाके घातले, जमेल तसे पट्टे विणले आणि शेंड्याला पोचल्यावर लोकर संपली, हा नेहमीचा प्रकार. दुसरा प्रकार म्हणजे विणताना छान दिसणारी टोपी पहिल्या धुण्यात मध्येच आवळते. दोन्हींचा विणण्याच्या कौशल्याशी फारसा संबंध नाही, म्हणून या लेखात विणण्याइतकीच जागा निवड, वजन आणि हिशेब यांना दिली आहे.

खालची कृती मोठ्या माणसाच्या टोपीची आहे: डोक्याचा घेर ५६ सेंमी, विणकाम दोन सरळ सुयांवर, मागे एक शिवण. गोल सुईवर शिवण वाचते हे खरं, पण पट्ट्यांच्या टोपीला सपाट विणच सोयीची. प्रत्येक जोड कडेला येतो, टोकं शिवणीत दडतात आणि गोल विणताना प्रत्येक पट्ट्याच्या सुरुवातीला जी पायरी पडते ती इथे पडतच नाही.

साहित्य: ४.५ मिमी सुया (जुना ७ नंबर) टोपीच्या अंगासाठी, म्हणजे बॉर्डर आणि शेंड्याच्या मधल्या भागासाठी, ३.७५ मिमी सुया (जुना ९ नंबर) बॉर्डरसाठी, बोथट टोकाची जाड सुई, मापाची टेप, कात्री आणि स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा. काट्याशिवाय हे काम जुगार ठरतं.

टप्पा १: लोकर वेगळी करा, रंगाने नव्हे

आधी धाग्याच्या जातीप्रमाणे ढीग करा. मेंढीची लोकर, अ‍ॅक्रेलिक, सुती आणि मिश्र असे चार. लेबल हरवलं असेल तर ५ सेंमी तुकडा चिमट्यात धरून सिंकवर जाळून पाहा. खरी लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की ती विझते आणि राख बोटाने चुरते. अ‍ॅक्रेलिक वितळतं आणि थंड झाल्यावर कडक मणी उरतो. सुती धागा कागदासारखा जळत जातो. मिश्र धागा दोन्ही गुण दाखवतो.

सावधान: जळतं अ‍ॅक्रेलिक वितळून ठिबकतं आणि त्वचेला चिकटतं. हातात धरून जाळू नका. जवळ पाणी ठेवा.

एका टोपीत एकच जात ठेवणं उत्तम. साधी लोकर गरम पाण्यात आणि चोळण्याने आटते, अ‍ॅक्रेलिक आटत नाही. दोन्हींचे पट्टे शेजारी आले की एका चुकीच्या धुण्यानंतर लोकरीचे पट्टे कंबर आवळल्यासारखे दिसतात. मिसळायचंच असेल तर पुढे कायम गार पाण्यात, हाताने धुवायची तयारी ठेवा. सुती धाग्याला ताण नसतो. तो अंगात एखाद्या पट्ट्यापुरता चालेल, बॉर्डरमध्ये नको, कारण बॉर्डर एकदा सैल पडली की परत आवळत नाही.

मग जाडी. 'चार पदरी' एवढ्यावर विसंबू नका, पदर जाड-बारीक कसेही असतात. धागा पट्टीवर २.५ सेंमीत शेजारीशेजारी गुंडाळा, वेढे एकमेकांना टेकतील पण दाबले जाणार नाहीत असे, आणि मोजा. या टोपीला साधारण १० वेढे बसतील असा धागा हवा. ९ ते ११ चालतील. १४ ते १६ वेढ्यांचा बारीक धागा असेल तर तो दुहेरी घेऊन पुन्हा गुंडाळून पाहा, बहुतेकदा तो मापात येतो. दोन वेगळ्या रंगांचे बारीक धागे एकत्र घेतले की ठिपकेदार रंग मिळतो आणि एरवी निरुपयोगी ठरणारे छोटे गुंडे खपतात.

नेहमीची चूक: "थोडासाच जाड आहे, चालेल" म्हणून ७ वेढ्यांचा धागा एका पट्ट्यात घालणं. तेवढ्या चार ओळी रुंद पडतात, टोपीला पोट येतं आणि धुऊनही ते जात नाही.

टप्पा २: जुनी लोकर तपासा

प्रत्येक गुंड्यातून दोनेक मीटर धागा उलगडून हलका ओढा. जागोजागी तुटला तर कसर लागलेली आहे. असा गुंडा टोपीत नको. त्याच पिशवीतल्या बाकीच्या लोकरीला धोका वाटत असेल तर हवाबंद पिशवीत घालून ती दोन आठवडे फ्रीजरमध्ये, म्हणजे उणे १८ अंशांवर, ठेवा.

उसवलेल्या स्वेटरची लोकर असेल तर तिच्या कुरळ्या वळ्या आधी काढाव्या लागतात. लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि टांगून वाळवा. वळ्यांसकट विणलं तर नमुना (मापासाठी आधी विणायचा छोटा तुकडा) एक माप सांगतो आणि धुतलेली टोपी दुसरंच होते.

गडद लाल, निळा आणि काळा यांची रंगचाचणी करा. ओला तुकडा पांढऱ्या कापडात दहा मिनिटं दाबून ठेवा. डाग पडला तर त्याच्या शेजारी फिका रंग घेऊ नका.

टप्पा ३: नमुना, आणि त्याचं वजन

४.५ मिमी सुयांवर ३० टाके घाला आणि एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशा ४० ओळी विणा. पिशवीतल्या दोन-तीन लोकरी यातच वापरा, म्हणजे त्या एकमेकींशेजारी कशा बसतात तेही कळेल. टाके बंद करा, धुवा, सपाट वाळवा. मग मधल्या भागात १० सेंमी मोजा. कडेचे टाके ओढलेले असतात, ते मापात घेऊ नका.

पुढचा हिशेब १० सेंमीत २० टाके आणि २८ ओळी धरून आहे. २२ टाके येत असतील तर सुई अर्ध्या मिमीने वाढवा, १८ येत असतील तर तेवढीच कमी करा. हात घट्ट किंवा सैल करून माप जुळवू नका. दहा ओळींनंतर हात आपल्या मूळ सवयीवर जातोच.

आता वाळलेला नमुना काट्यावर ठेवा. समजा तो ९ ग्रॅम भरला. त्यात १२०० टाके आहेत, म्हणजे १ ग्रॅममध्ये साधारण १३३ टाके. टोपीच्या एका ओळीत ९८ टाके असतील (हा आकडा कसा येतो ते टप्पा ४ मध्ये), म्हणजे एका ओळीला जवळपास पाऊण ग्रॅम. ४ ग्रॅमच्या गुंड्यात पाच ओळी बसतात आणि टोकं धरून चार. हा एक आकडा हातात आला की सगळी पिशवी वाचता येते.

तपासणी: वजन तुमच्या नमुन्याचंच घ्या. वरचे ९ ग्रॅम उदाहरणापुरते आहेत.

टप्पा ४: टाक्यांचा हिशेब

टेप भुवयांच्या वरून, कानांच्या वरच्या कडेने फिरवा. घेर ५६ सेंमी आला तर टोपी त्याहून दहा टक्के कमी हवी, म्हणजे साधारण ५० सेंमी. ताणून बसली नाही तर ती डोळ्यांवर येते. ५० सेंमीला १०० टाके होतात. शेंडा आठ भागांत मिटवायचा म्हणून टाके ८ च्या पटीत घ्यावे लागतात: ९६ किंवा १०४. ९६ घ्या. विण ताणली जाते, सैल टोपी मात्र आवळता येत नाही. सगळी लोकर कडक, न ताणणाऱ्या अ‍ॅक्रेलिकची असेल तर १०४.

त्यात शिवणीचे २ टाके मिळवा: ९८. हा आकडा दोन सुलट-दोन उलट बॉर्डरलाही अचूक बसतो. ओळ दोन सुलटांनी सुरू होते, दोन सुलटांनीच संपते, आणि शिवणीत दोन्ही बाजूंचा एकेक टाका आत गेला की उरलेले दोन मिळून पुन्हा एक पूर्ण सुलट जोडी होते. शिवण शोधावी लागते.

लहान मुलासाठी हाच हिशेब. घेर ४८ सेंमी असेल तर दहा टक्के कमी करून ४३, म्हणजे ८६ टाके, म्हणून ८० किंवा ८८, अधिक २. तान्ह्या बाळाच्या टोपीला गोंडा, नाडी किंवा केसाळ लोकर लावू नका.

टप्पा ५: आधी शेंडा आणि बॉर्डर बाजूला काढा

बहुतेक जण चुकतात ते इथे. अंगाचे पट्टे कुठेही थांबवता येतात, कुठल्याही रंगात बदलता येतात. शेंडा आणि बॉर्डर यांना ती मुभा नाही. म्हणून वाटणी शेवटाकडून करा.

शेंडा: साधारण ११०० टाके, वरच्या हिशेबाने ८ ग्रॅमपेक्षा थोडं जास्त. ११ ग्रॅम बाजूला ठेवा, एकाच रंगात. शिवणीचा धागाही त्यातूनच येईल.

बॉर्डर: १६ ओळी गुणिले ९८, सुमारे १२ ग्रॅम. १५ ठेवा, कारण टाके घालायलाही धागा लागतो. सगळ्यात मऊ लोकर इथे, कपाळाला तीच लागणार आहे. दुमडती बॉर्डर हवी असेल तर आणखी १२ ग्रॅम.

अंग: २२ ओळी, १६ ते १७ ग्रॅम, उरलेल्या सगळ्या तुकड्यांतून.

टोपीला एकूण ४० ग्रॅमच्या आसपास लोकर लागते. हाताशी ५० असू द्या. गोंडा हवा असेल तर आणखी १५ ते २० ग्रॅम, आणि एवढासा गोंडा इतका धागा खातो हे पुष्कळांना पटत नाही.

प्रत्येक वाटा वेगळ्या पिशवीत घालून चिठ्ठी लावा. शेंड्याच्या पिशवीला मध्ये हात लावायचा नाही.

रंगांचा क्रम ठरवताना गुंडे ओळीने मांडून मोबाइलवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. शेजारचे दोन रंग एकाच करड्या छटेत मिसळले तर विणल्यावरही मिसळतील. पाच-सहा बेमेळ रंग असतील तर दर पट्ट्यानंतर एकच फिका किंवा करडा रंग दोन ओळी घाला. तेवढ्याने ते एका घरचे वाटू लागतात.

टप्पा ६: टाके घालणं आणि बॉर्डर

टाके ४.५ मिमी सुईवर घाला आणि पहिल्या ओळीपासून ३.७५ मिमीवर या. घातलेले टाके घट्ट राहिले तर बॉर्डर कितीही लवचीक असली तरी कड ताणत नाही आणि कपाळावर वळ उमटतो. शेपटीच्या, म्हणजे सुरुवातीला सोडलेल्या सुट्या टोकाच्या, धाग्याने टाके घालणार असाल तर साधारण २ मीटर शेपूट सोडा.

सुलट बाजू: २ सुलट, मग (२ उलट, २ सुलट) २४ वेळा.
उलट बाजू: २ उलट, मग (२ सुलट, २ उलट) २४ वेळा.

अशा १६ ओळी, साधारण ५ सेंमी. दुमडायची असेल तर ३२.

बॉर्डरमध्येच रंग बदलायचा असेल तर नव्या रंगाची पहिली ओळ सुलट बाजूने पूर्ण सुलट विणा आणि दुसऱ्या ओळीपासून पुन्हा दोन-दोन. नाहीतर उलट टाक्यांवर जुन्या रंगाचे ठिपके डोकावतात आणि पट्ट्याची कड कुरतडल्यासारखी दिसते.

तपासणी: सोळाव्या ओळीनंतर टाके मोजा. ९८ नसतील तर आत्ताच उसवा.

टप्पा ७: अंगाचे पट्टे

४.५ मिमी सुयांवर या. सुलट बाजूने सुलट, उलट बाजूने उलट, २२ ओळी. बॉर्डरसकट उंची १३ सेंमी व्हायला हवी. दुमडती बॉर्डर असेल तर १८.

पट्टे सम ओळींचे ठेवा: २, ४, ६. मग धागा नेहमी त्याच कडेला परत येतो. तीन ओळींचा पट्टा विणलात तर धागा पलीकडच्या कडेला अडकतो आणि बोंड असलेल्या सुयांवर तिथून नवी ओळ सुरू करता येत नाही.

नवा धागा ओळीच्या सुरुवातीलाच जोडा आणि दोन्ही टोकं १५ सेंमी सोडा. गाठ मारू नका. गाठ सुलट बाजूला सरकते, कपाळाला टोचते, आणि अ‍ॅक्रेलिकची तर हळूहळू सुटतेच. जुनं-नवं टोक एका सैल फासाने तात्पुरतं धरून ठेवा, शिवताना तो फास सोडा.

साध्या, न आटणाऱ्या प्रक्रियेतून न गेलेल्या लोकरीचे तुकडे आणखी एका प्रकारे जोडता येतात. दोन्ही टोकांचे पदर ५-६ सेंमी सुटे करा, त्यातले अर्धे पदर कापा, टोकं एकमेकांवर ठेवा, ओले करा आणि तळहातांत गरम होईपर्यंत चोळा. धागा एकजीव होतो. अ‍ॅक्रेलिक, सुती किंवा मशीनमध्ये धुता येणाऱ्या लोकरीवर हे होत नाही, कितीही चोळलं तरी.

तोच रंग दोन किंवा चार ओळींनी परत येणार असेल तर कापू नका. कडेने वर न्या, दर दोन ओळींनी चालू धाग्याभोवती एक वेढा देत. तो सैल असू द्या. ओढला तर ती कड आखडते आणि शिवताना एक बाजू लांब, एक आखूड निघते.

गुंडा संपत आला आहे आणि आणखी दोन ओळी होतील का, अशी शंका आली की काट्याचा उपयोग नाही, एवढं लहान वजन तो नीट दाखवत नाही. उरलेला धागा दुमडून बरोबर मध्यावर सैल सरकगाठ घाला. एक ओळ विणून होईपर्यंत गाठ आली नाही तर दुसरी ओळही होईल. आली, तर ती ओळ उसवा आणि रंग बदला. एका ओळीला विणीच्या रुंदीच्या सव्वातीनपट धागा जातो, टोकं धरून चौपट धरावा.

दुहेरी धाग्याने विणताना दोन्ही पदर मिळून एक टाका. सुई एकाच पदरात शिरली की दुसरा मागे लोंबतो, आणि पुढच्या ओळीत तो वेगळा टाका म्हणून मोजला जातो. टाके आपोआप वाढताना दिसले तर आधी हेच पाहा.

टप्पा ८: शेंडा

बाजूला ठेवलेली ११ ग्रॅमची पिशवी आता उघडा. सगळे टाके सुलट बाजूने कमी करायचे, उलट बाजूची प्रत्येक ओळ साधी उलट.

पहिली ओळ: १ सुलट, मग (१० सुलट, २ सुलट एकत्र) ८ वेळा, १ सुलट. उरले ९०.
दुसरी ओळ: सगळे उलट.
तिसरी ओळ: १ सुलट, मग (९ सुलट, २ सुलट एकत्र) ८ वेळा, १ सुलट. उरले ८२.

असंच दर सुलट ओळीत कंसातला आकडा एकाने उतरवत जा. टाके असे यायला हवेत: ७४, ६६, ५८, ५०, ४२, ३४, २६, १८. शेवटच्या सुलट ओळीत १ सुलट, (२ सुलट एकत्र) ८ वेळा, १ सुलट: १०. या २१ ओळींची उंची साडेसात सेंमी होते.

तपासणी: प्रत्येक कमी करण्याच्या ओळीनंतर मोजा. आकडा चुकला की चूक त्याच ओळीत आहे. तीन ओळी पुढे गेल्यावर ती शोधणं डोकेदुखी. आठ तिरप्या रेघा सरळ वर जाताना दिसत असतील तर ठीक चाललं आहे.

सहा भागांत टाके कमी केले तर टोपीला टोक येतं. आठ भागांनी शेंडा डोक्याला धरून बसतो.

टाके बंद करू नका. ५० सेंमी धागा सोडून कापा, जाड सुईत ओवा, दहाही टाक्यांतून दोनदा फिरवा आणि मगच सुई काढून ओढा. एकदाच फिरवलेला धागा वापराने सैल होतो, शेंड्याला भोक पडतं. ढिला पीळ असलेली लोकर इथे तुटते. तशी असेल तर त्याच छटेचा मजबूत धागा घ्या.

टप्पा ९: शिवण आणि टोकं

शेंड्यापासून खाली शिवत या, सुलट बाजू समोर ठेवून. दोन्ही कडा शेजारी मांडा. कडेच्या टाक्याच्या आत, पहिल्या आणि दुसऱ्या टाक्यामध्ये, शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे धागे दिसतात. एका बाजूचे दोन उचला, मग दुसऱ्या बाजूचे दोन. तीन-चार सेंमी झाले की हलकेच ओढा, शिवण मिटते. पट्ट्याच्या कडेला आलात की दोन्ही बाजू एकाच ओळीवर आहेत ना ते पाहा. एक ओळ घसरली तर खालचे सगळे पट्टे घसरलेले दिसतात. उलट बाजूने टीप मारून शिवू नका, आत जाड वळी राहते आणि टोचते.

दुमडती बॉर्डर असेल तर खालचे ६ सेंमी उलट बाजूने शिवा, कारण दुमडल्यावर तीच बाजू बाहेर येते.

टोकं शिवणीच्या आतच लपवा: ४ सेंमी वर, एक वळण, २ सेंमी खाली, मग तिरपी दोन-तीन उचल. गडद टोक गडद पट्ट्यामागे, फिकं फिक्यामागे. अगदी विणीलगत कापू नका. आधी धुवा, वाळल्यावर अर्धा सेंमी ठेवून कापा. धुताना विण सरकते आणि आखूड कापलेलं टोक नेमकं बाहेर येतं.

टप्पा १०: पहिलं धुणं

गार पाणी, अगदी थोडा सौम्य साबण, १५ ते २० मिनिटं. चोळायचं नाही, पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि डोक्याहून थोड्या लहान वाडग्यावर घालून वाळवा. बॉर्डर वाडग्याच्या खाली सैल लोंबू द्या. ताणून वाळवलेली बॉर्डर ताणलेलीच राहते. अ‍ॅक्रेलिकला इस्त्री लावू नका, वाफही जपून. एकदा उष्णतेने त्याचा ताण गेला की तो परत येत नाही.

बिघडलंच तर

टोपी सैल झाली: बॉर्डरच्या आतल्या बाजूने बारीक इलॅस्टिक धाग्याच्या तीन ओळी ओवा. पुढच्या वेळी ८ टाके कमी.

कड घट्ट: घातलेल्या टाक्यांच्या वरच्या ओळीत एक टाका कापा, ती ओळ टाक्याटाक्याने सोडवा, मोकळे टाके सुईवर घ्या आणि ४.५ मिमी सुईने सैल बंद करा. विण त्या बाजूने आपोआप धावत नाही, त्यामुळे घाबरायचं कारण नाही, पण दिवसाउजेडी करा.

उंची कमी: शेंडा उसवा, दोन किंवा चार ओळी घाला, पुन्हा मिटवा. शेंड्याचे ११ ग्रॅम अखंड एका रंगात ठेवले असतील तर हे अर्ध्या तासाचं काम आहे.

एक पट्टा आवळलेला: त्या पट्ट्याची लोकर बारीक होती किंवा कडेने वर नेलेला धागा ओढला गेला. धागाच ओढला असेल तर शिवणीच्या आत तो कापा, दोन्ही टोकांना नवा तुकडा जोडून सैल बसवा आणि लपवा. लोकर बारीक असेल तर तिथपर्यंत उसवण्याला पर्याय नाही.